भेट पाचवी

संमतिपत्राची सव्वीस पानं मी मराठीत आणली
रुवीतल्या खोलीत, एसीच्या घरघरीत, तीन रात्री जागून.
'आर्म'ला हात म्हणायचं नाही हे ठरलं.
गट म्हटलं. गट अ, गट ब.
'प्रोग्रेशन'पाशी अडले.
आमच्या अकोल्याकडे प्रगती झाली की पेढे वाटतात.
शेवटी लिहिलं: आजार पुढे सरकणे.
जणू तोही रांगेत उभा आहे, कागद घेऊन.

याकूब सरखोत, वय अठ्ठावन्न,
सोहारच्या बंदरात वेल्डर, घर दाभोळ खाडीच्या पलीकडे.
पहाटेच्या बसने मस्कतला यायचा,
मांडीवर थर्मास, थर्मासात पेज.
पान सातवर बोट ठेवून म्हणाला,
"बाय, कुठला औषद मिलनार ता कोन ठरवनार?"
कॉम्प्युटर.
"आनि तुला म्हाईत?"
मला नाही. डॉक्टर हिलालना नाही.
सलाइन लावणाऱ्या सिस्टरलाही नाही.
"म्हंजे आपुन सगलेच आंधले," तो हसला.
सव्वीस पानांत मला हे इतकं सोपं जमलं नव्हतं.

दर तीन आठवड्यांनी मी विचारायचे, काय गिळता येतं?
फॉर्मवर पाच चौकोन, शून्य ते चार,
शून्य म्हणजे सगळं, चार म्हणजे थुंकीसुद्धा नाही.
तो चौकोनात उत्तर देत नसे.
दुसऱ्या भेटीत: एक खजूर, बी काढून, जोहरपासून असरपर्यंत.
तिसऱ्या भेटीत: अंड्याचा बलक.
चौथीला खुर्चीत बसायच्या आधीच,
"परवा खबूस खाल्ला. चहात बुडवून, पन खाल्ला. अर्धा."
आणि हवेत तेवढाच तोडून दाखवला.
मी 'दोन' खोडून 'एक' केलं, शेजारी सही, तारीख.
नियम असा की खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी एकोणतीस टक्क्यांनी लहान.
प्रतिसाद म्हणायला तीस लागतात.
एक मी घालते, म्हणावंसं वाटलं.
आवंढा गिळला. मला गिळता येतं.

एक शब्द मी भाषांतरात तसाच ठेवला होता,
आखातात तो सगळ्यांना पाठ असतो:
स्पॉन्सर औषधाचा खर्च करील.
स्पॉन्सर अभ्यास कधीही थांबवू शकेल.
"ह्यो कुठला? माझा का तुझा?" याकूबने तेव्हाच विचारलेलं.
वेगळे. एक स्वित्झर्लंडचा, एक सोहारचा.
"वलखतात काय एकामेकांना?"

ऑगस्टात सोहारच्या स्पॉन्सरने हिशेब केला.
चार महिने माणसाने होल्डर हातात धरला नाही.
व्हिसा रद्द, तिकीट एकमार्गी, एकवीस तारीख.
पाचवी भेट एकोणतीसला.
नियमात तीन दिवस मागेपुढे चालतं. आठ नाही.
मी पत्रं लिहिली, अर्ज, पुन्हा पत्रं.
मुंबईतल्या केंद्राने कळवलं, बदली शक्य आहे,
सहा ते आठ आठवडे लागतील.

बाटली फ्रिजात येऊन बसलेली, दोन ते आठ अंश.
बाहेर सेहेचाळीस.
तिच्यावर शून्य-एकोणीस, नाव नाही.
नाव लिहायचं नसतं.

विमानतळावरून त्याचा फोन, मागे घोषणा अरबीत,
"पाचव्या भेटीचा हितंच लिवून घे, बाय.
पेज. आनि काल मऊ भात, दोन घास.
तिसरा रायला."
फोनवरचं उत्तर ग्राह्य नसतं. लिहून घेतलं.

मग तो शेवटचा फॉर्म, अभ्यास सोडण्याचं कारण:
आजार सरकला, दुष्परिणाम, मृत्यू,
संमती मागे घेतली, संपर्क तुटला,
आणि 'इतर', पुढे चाळीस अक्षरांची जागा.
मी चारच वापरली.
स्पॉन्सर.

तिसऱ्या दिवशी तपासनिसाची शंका आली, लाल चौकटीत:
कोणता? खुलासा करावा.